चालता माणूस

हे मी बोलतो आहे आणि फोन लिहितो आहे. माझी वऱ्हाडी त्याला सोसत नाही. मी 'मले' म्हटलं की तो 'मला' लिहितो आणि वर स्वतःलाच शाबासकी देतो. एवढंच बजावून ठेवलं आहे की माणसं जे बोलली ते बोलली तसंच राहू दे. लिहून तरी काय उपयोग, म्हणा. ज्या एका माणसाला हे सांगायचं आहे तिला वाचता येत नाही.

माझं नाव अंकुश काळमेघ. मेळघाटात मी एका ठेकेदाराचा पाण्याचा टँकर चालवत होतो. हल्ली आमच्याकडे माघ सरला की नाले आटतात आणि रानातल्या जनावरांसाठी सिमेंटचे पाणवठे भरत बसावं लागतं. रस्ता म्हणायचा तो नुसता म्हणायचाच. अर्धा मुरूम, अर्धा ओढ्याचा तळ आणि मध्ये मध्ये सागाची मुळं. चारी चाकं ओढणारा ट्रक असेल तरच तिथं जाता येतं, आणि ड्रायव्हरला थोडी अक्कल असेल तरच परत येता येतं.

वाटेत टेंभरूढाना लागतो. ढाना म्हणजे दहाबारा घरांची वस्ती, आणि ही माझी सासुरवाडी. नियम असा होता की टँकर थेट पाणवठ्यावर न्यायचा, मध्ये थांबायचं नाही. पण बाया रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या आहेत आणि आपण त्यांच्या डोळ्यांदेखत वाघासाठी पाणी घेऊन चाललो आहोत, हे आमच्यापैकी एकाही ड्रायव्हरला जमलं नाही. सगळेच थांबायचे, दोन ड्रम भरून द्यायचे आणि पुढे जायचे. त्या दिवशी ढान्यात कोणाचं तरी लग्न होतं. सासूबाईंनी पाइपच सोडला नाही.

"होऊ द्या जी जवाईबापू, अजून एक ड्रम होऊ द्या. वाघ काई मरून नाई राह्यला तहानीनं."

असं करता करता टँकर अर्धा झाला. भरलेला टँकर जड असतो, पण बेताने वागतो. रिकामा तर काय, हलकाच. वाईट असतो तो अर्धा. वळणावर आतलं पाणी एका बाजूला धावतं, भिंतीवर आपटून परत फिरतं, आणि ट्रक कलायला आणि पाणी त्याच बाजूला पोचायला एक गाठ पडली की सगळं वजन दोन चाकांवर येतं. त्यासाठीच टाकीच्या आत पत्र्याचे पडदे लावलेले असतात. आमच्या टाकीतले गंजून कधीच गळून पडले होते. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पाणी दिलं. आजही देईन. त्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये.

ढाना सोडून उतार लागला तसा मागून धक्का बसला, जसं कोणी खांद्याला धरून ढकलावं. मी स्टिअरिंग उलटं मारलं, पण पाणी माझ्यापेक्षा आधी पोचलं होतं. ट्रक कुशीवर गेला, मग छपरावर, मग पुन्हा कुशीवर, आणि सागाच्या दोन झाडांमध्ये अडकून थांबला. मानेत ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. पट्ट्यात मी आडवा लोंबकळत होतो. तोंडाजवळ एक हात पडलेला दिसला. मला वाटलं, गाडीत अजून कोणीतरी होतं की काय. मनगटावरचं घड्याळ ओळखीचं निघालं तेव्हा कळलं.

लग्नातली माणसं धावत आली. त्यांनी मला काखेत धरून ओढून काढलं, कारण डिझेल गळत होतं. तसं ओढायला नको होतं, असं डॉक्टर पुढे म्हणाल्या. त्यांचंही खरं आहे.

आता उजूबद्दल सांगतो. उज्ज्वला माझी बायको. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. शाळेत कोणी पाठवलं नाही. शहरातल्या बहिऱ्या मुलांना शिकवतात ती हातांची भाषा तिने कधी पाहिलेली नाही. माहेरून ती पाचपन्नास खुणा घेऊन आली होती. बाकीची सगळी भाषा आम्ही दोघांनी घरात बसून केली. नाकावर चष्मा सरकवला की रेंजरसाहेब. मिशीला पीळ दिला की माझे बाबा. करंगळी हवेत तिरकी फिरवली की 'थापा मारू नको.' लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही शब्द पाडत होतो आणि शब्दांवरून भांडत होतो. दिवा घालवल्यावर बोलणं थांबू नये म्हणून तळहातावर बोटांनी बोलायची रीत तिने काढली. उजू फार बडबडी आहे, हे माझ्याशिवाय जगात कोणालाच माहीत नाही. घरातल्यांना वाटायचं, मुकी आहे बिचारी, शांत आहे.

नागपूरच्या हॉस्पिटलात मी नळ्यांवर होतो, तेव्हा तिकडे माझा निकाल लागला.

मणका तुटतो म्हणजे काय, ते डॉक्टर गावंडेबाईंनी मला नंतर समजावलं. मेंदू चांगला असतो, हातपायही चांगले असतात, मधला रस्ता खचलेला असतो. मेंदू हुकूम सोडत राहतो आणि ते हुकूम खचलेल्या जागी येऊन पडतात. आता यावर उपाय निघाला आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पाटी मेंदूवर बसवतात. ती हुकूम ऐकते आणि बिनतारी पलीकडच्या मज्जातंतूंना कळवते. रस्ता नसला तरी निरोप पोचतो.

मेख एकच आहे. मेंदूत हातांची जागा वेगळी आणि पायांची वेगळी. हात कानाच्या वरच्या अंगाला, पाय मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत खोल. पाटी एकच आणि ती एकाच जागी बसते. बसवली की मेंदू तिच्याभोवती खपली धरतो, आणि मग दुसरीकडे दुसरी बसवली तरी तिला काही ऐकू येत नाही. थांबून विचार करावा तर तेही नाही. ज्या भागाला काम उरलं नाही त्याची जागा शेजारचे भाग खाऊन टाकतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच ठरवावं लागतं, हात की पाय. आणि त्या आठवड्यांत पेशंट बहुधा माझ्यासारखा पडलेला असतो.

गावंडेबाईंनी बाबांना आणि उजूला खोलीत बोलावून माणसाचं एक चित्र दाखवलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुद्धीवर असलेले पेशंट बहुतेक हात मागतात. घरचे पाय मागतात. नीट विचार करा."

बाबांनी विचार केलाच नाही. "पाय करा जी म्याडम. पोरगं चालतं पाहिजे. घास भराले आम्ही हावोच नं."

उजूला बोलणं ऐकू येत नव्हतं, पण चित्र दिसत होतं. बाबांचं बोट पायांवर गेलेलं दिसलं. तिने ते बोट उचलून बाजूला केलं आणि चित्रातल्या हातांवर आपला पंजा ठेवला. मग डॉक्टरांसमोर आपले दोन्ही हात धरले. बोटं हलवून दाखवली, एकेक करून. डॉक्टरांचं मनगट पकडलं.

"या काय म्हणताहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांना समजलं होतं. आंधळ्यालाही समजलं असतं. ते म्हणाले, "काई नाई जी. घाबरली हाय थे."

मग बाबांनी सही केली. पेशंटची ओळख पटवायला माझा अंगठा लागत होता. बाबांनीच माझा हात उचलून अंगठा काचेवर दाबला. उजू पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. औषधांमुळे तेव्हा माझे डोळे उघडे असायचे. आत मी नव्हतो, पण उघडे असायचे.

हे सगळं बाबांनीच मला सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. उलट आपण मोठं काम केलं असंच त्यांना वाटत होतं.

मी विचारलं, "बाबा, तिनं हात मांगतले होते नं?"

"मांगतले. पण थे आपल्याच मतलबाचं पाहीन नं बापू. तिले बोलाले पाहिजे होते हात."

"अन् मले?"

"खाटेवर पडलेला माह्याच्यानं पाहवत नोता रे तू," ते म्हणाले.

मी गावंडेबाईंना शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. पाटी हलवता येईल का, असं विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "आणि येईल असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका." नंतर त्या बराच वेळ माझ्याजवळ बसल्या. वाईट बाई नाहीत त्या. मला मात्र त्या वेळी जगात कोणीच चांगलं दिसत नव्हतं.

मग मी चालायला शिकलो. आधी कठड्याला छाती टेकून, मग दोघांच्या आधाराने, मग एकटा. 'चल' असं मनात आणलं की पाटी बाकीचं बघते. गुडघा कधी वाकवायचा, तोल कसा सावरायचा, सगळं. बसणं, उठणं, पायऱ्या, उतार, झपाझप चालणं, एवढं तिला येतं. मी पहिल्यांदा आधाराविना चाललो तेव्हा वॉर्डातली माणसं टाळ्या वाजवत होती आणि बाबा भिंतीला डोकं टेकून रडत होते. उजू दारात उभी होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग हातांकडे. माझा कोपर वाकतो, मनगट थोडं उचलतं. बोटं मिटलेली आहेत ती मिटलेलीच.

घरी आलो तशी माणसांची रीघ लागली. "पाह्य नं, काय मस्त चालते! काईच झालं नाई असं वाटते." शेजारणी मला अंगणात इकडून तिकडे चालायला लावायच्या आणि पाहुण्यांना दाखवायच्या. अपंगत्व मोजायचं नवं यंत्र माणसाला चालवून बघतं. त्याने मला जवळजवळ बरा ठरवलं. त्यानंतर माझी कीव करायलाही कोणी येईना. चालता माणूस म्हणजे धडधाकट माणूस, असं आमच्याकडे धरून चालतात.

आणि घरात उजू मला भरवायची, दात घासायची, नाडी सोडायची, नाडी बांधायची. तिने तोंड कधी वाकडं केलं नाही. सुरुवातीला ती बोलायचीही खूप. हॉस्पिटलातल्या नर्सच्या नकला, तिच्या माहेरच्या बकऱ्या, माझ्या अपघाताच्या दिवशी लग्नात कोण रुसलं. मला सगळं समजायचं, एक खूण सुटत नव्हती. उत्तर द्यायला मात्र माझ्याजवळ दोन ओंडके होते. 'हो.' 'नाही.' 'ये.' 'पाणी.' तान्ह्या पोराला येतं तेवढं. ती हसून हसून काही सांगायची, मी मान डोलवायचो आणि ती वाट पाहायची. पुढचं वाक्य माझं असायचं आणि ते येत नसे.

फोनवर एक बाहुला आहे. आपण बोलतो ते तो हातांच्या भाषेत करून दाखवतो. ती भाषा उजूला येत नाही. लाल सदऱ्यातला तो बाहुला हातवारे करू लागला तेव्हा ती पोट धरून हसली, आणि मग तिने फोन पालथा घातला. आमची भाषा त्याला शिकवता आली असती. तिने खुणा करायच्या, मी अर्थ सांगायचा, यंत्र शिकत गेलं असतं. पण त्यासाठी तिने महिना दोन महिने रोज फोनसमोर बसून बोलायला हवं होतं. ती बसेना. एका यंत्राने नवरा असा करून ठेवला, आता हे दुसरं तिला नको होतं. ते कशासाठी आहे हे समजावून सांगायला हातच लागत होते.

तोंडात काडी धरून मी मातीवर चित्रं काढली. निजलेला माणूस काढता येतो. शेजारी उभा म्हातारा काढता येतो. 'मला कोणी विचारलं नाही' हे कसं काढतात ते अजून मला सापडलेलं नाही.

हळूहळू उजूचं बोलणं कमी झालं. आधी गोष्टी गेल्या, मग भांडणं गेली. शेवटी जेवायचं, उठायचं, आंघोळ, एवढंच उरलं. काम झालं की ती हात पदरात गुंडाळून बसायची. आमच्या घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती मुळातच मुकी होती.

पोळा झाल्यावर गावाने माझा सत्कार केला. शाळेच्या मैदानावर मंडप घातला. तालुक्याचे एक पुढारी आले. "अंकुशभाऊ मृत्यूच्या दाढेतून आपल्या पायानं चालत आले," असं ते म्हणाले आणि मला मंचावर एक फेरी मारायला लावली. मी मारली. लोक उठून उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या. त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली आणि हातांवर नारळ ठेवला. नारळ घरंगळून खाली गेला. मागून कोणीतरी तो उचलला आणि फोटोपुरता माझ्या छातीशी दाबून धरला. फोटोवाला म्हणाला, "हसा ना भाऊ." मी हसलो. उजू बायकांच्या बाजूला पुढेच बसली होती.

घरी आल्यावर दुपारी तिने मला समोर बसवलं. कितीतरी दिवसांनी तिचे हात पदराबाहेर आले. तिने माझ्या दोन्ही पायांना स्पर्श केला, माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तू मागितलेस?"

मी जोरात मान हलवली. नाही.

"म्हाताऱ्याने नुसता हात उचलून दिला. अंगठा तुझा होता. मी पाहिलं. डोळे उघडे होते."

नाही. नाही.

"मग कोणी मागितले?"

मी कोपराने ओसरीकडे दाखवलं. तिथे बाबा सुपारी कातरत होते. मी ओरडलो, "बाबा, इकडे या. सांगा तिले. अंगठा तुम्ही लावला, मले कोणी इचारलं नाई, सांगा."

बाबा आले. खरं सांगतो, त्यांनी प्रयत्न केला. त्यांना आमची एक खूण येत नाही. सुनेशी ते कधी बोललेच नव्हते, बोलायची वेळच आली नव्हती. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, स्वतःच्या छातीवर मूठ मारून घेतली, पुन्हा मारली, आणि त्यांचा बांध फुटला. म्हातारा माणूस खाली बसून छाती बडवू लागला. उजू धावत जाऊन पाणी घेऊन आली. तिने त्यांना आडवं केलं, छाती चोळून दिली, पदराने वारा घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आपलं केलेलं म्हाताऱ्यावर ढकलतोस? त्याला रडवतोस?"

मी नाही नाही म्हणत राहिलो. मान दुखेपर्यंत म्हणत राहिलो. 'नाही' या एका खुणेत किती मावणार? थापा मारणाराही तीच खूण करतो. तिने करंगळी हवेत तिरकी फिरवली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाहिलं तर तिची पेटी जागेवर नव्हती. चहा केलेला होता, कपात माझी प्यायची नळी घातलेली होती. बाबांनी घाईघाईत मला सदरा घातला आणि मी निघालो. ढान्याच्या फाट्यापर्यंत जायची गाडी नाक्यावरून सुटते. मी झपाझप चाललो. आमच्या गावात इतकं भरभर कोणी चालत नाही. पिंपळापाशी ती दिसली. डोक्यावर पेटी, हातात पिशवी.

तिला मागून हाक मारून उपयोग नसतो. आपण गाठायचं असतं आणि समोर जायचं असतं. मी तिला मागे टाकलं, वळलो आणि समोर उभा राहिलो.

ती थांबली. पेटी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि वाट पाहत उभी राहिली. तिला वाट पाहता येते. लग्न झालं तेव्हा मला एक खूण यायला आठवडा लागायचा, तेव्हाही ती अशीच उभी राहायची.

मी दोन्ही हात उचलले. 'मला कोणी विचारलं नाही' हे आमच्या भाषेत सोपं आहे. छातीवर बोट, ओठांपासून पुढे दोन बोटं, आणि हवेत पुसून टाकल्यासारखा पंजा. तीन खुणा. मी छातीशी मनगट आणलं. मिटलेल्या मुठी एकमेकींवर आपटल्या. पुन्हा आणलं. पुन्हा आपटल्या. घाम डोळ्यांत जात होता. मी तोंडाने ओरडत होतो, "उजू, मले नाई इचारलं, मले नाई इचारलं वं." नाक्यावरची माणसं वळून बघू लागली.

तिने माझ्या मुठी हातात घेतल्या. मला वाटलं, आता ती माझा तळहात उघडून त्यावर बोटांनी बोलेल. तिने त्या हळूच खाली केल्या आणि माझ्या अंगाशी सरळ ठेवल्या. बाबांनी सदऱ्याची बटणं चुकवली होती. तिने ती सगळी सोडली आणि वरपासून नीट लावली. मग पेटी डोक्यावर घेतली आणि मला वळसा घालून गेली.

तिच्या मागे मला जाता आलं असतं. कितीही लांब जाता आलं असतं. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो. नाक्यावरून गावाकडे रस्ता उताराचा आहे आणि खडीही निसटती आहे, पण पाटी चांगली आहे, तोल गेला नाही. मी चालत घरी आलो.